यूरी स्टाल्पार्टला मी हरवलं ती शर्यत

अकरा वर्षं यूरी स्टाल्पार्टची थुंकी माझ्या पोटऱ्यांवर वाळत आली. सायकलच्या शर्यतीत शेवटच्या किलोमीटरला त्याच्या तोंडाला फेस यायचा आणि तो सरळ समोर थुंकायचा. समोर मी असायचो. माझं कामच ते होतं. वारा मी खायचा, त्याने माझ्या मागच्या चाकाला चिकटून बसायचं, आणि शेवटची रेघ दोनशे मीटरवर आली की मी बाजूला व्हायचं. मग तो माझ्या शेजारून सुटायचा आणि जिंकायचा. असा तो एकशे बेचाळीस वेळा जिंकला. त्यातल्या कितीतरी फोटोंत त्याच्या मागे एक अस्पष्ट माणूस दोन्ही हात वर करून ओरडताना दिसतो. तो मी. दुसऱ्याच्या विजयाला असा हात वर करणारा माणूस मला आता बघवत नाही.

लोकांना यूरी फक्त शेवटचे दहा सेकंद दिसायचा. त्या दहा सेकंदांवर बेल्जियममधलं आमचं अख्खं फ्लँडर्स फिदा होतं. बेकरीवाले त्याच्या नावाने केक करायचे, बायका आपल्या पोरांची नावं यूरी ठेवायच्या. मला तो उरलेले पाच तास दिसायचा. डोंगर आले की त्याचं थुलथुलीत ढुंगण माझ्या हाताने ढकलायचं, टीमच्या गाडीतून पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्ताने तो गाडीला लोंबकळला की पंचांना दिसू नये म्हणून मध्ये सायकल घालायची, तो बाद होऊ नये म्हणून वेळेच्या आत त्याला वर पोचवायचं. एकदा आल्प्समध्ये त्याचं पोट बिघडलं. त्याने माझी टोपी मागितली, मी दिली, आणि ती परत मिळावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. दुसऱ्या दिवशी सपाटीवर तो जिंकला आणि मंचावरून म्हणाला, "कालचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठ्या कसोटीचा होता." टोपीबद्दल बोलला नाही.

हे सगळं मी धंद्याचा भाग म्हणून गिळलं असतं. श्यूर्डचं मात्र गिळता आलं नाही.

श्यूर्ड हा एक डच पोरगा. तेवीस वर्षांचा, वेगात यूरीपेक्षा सरस. तीन वर्षांपूर्वी एका शर्यतीत रेघ दीडशे मीटरवर असताना तो यूरीच्या उजवीकडून पुढे निघाला आणि यूरीने कोपर मारून त्याला कठड्यावर घातलं. मी तेव्हाच बाजूला झालो होतो, मला सगळं मागून लख्ख दिसलं. त्या पोराचा जबडा मोडला, खांदा मोडला. आता तो वडिलांच्या काचघरात टोमॅटो खुडतो. संध्याकाळी पंचांनी मला बोलावलं, आणि मी सांगितलं की श्यूर्डचं मागचं चाक आपोआप घसरलं. तोंड वर करून सांगितलं. पंच म्हणाले, "लिव्हन वीझर सरळ माणूस आहे, तो खोटं बोलणार नाही."

त्याच रात्री जेवताना यूरीने माझ्या खांद्यावर हात टाकला होता. "लिव्हन, माझी शेवटची शर्यत आपण तुझ्या गावात करू. ऊस्टरवेल्डेच्या जत्रेत. आणि तिथे तू जिंकणार. शब्द दिला."

आमच्याकडे ऑगस्टमध्ये गावोगाव जत्रा भरतात आणि प्रत्येक जत्रेत सायकलची शर्यत असते. फ्रान्समधली मोठी शर्यत नुकतीच संपलेली असते, टीव्हीवर पाहिलेली मंडळी प्रत्यक्ष बघायला मिळावीत म्हणून गावकरी तिकीट काढून येतात. गावातून चाळीस-पन्नास फेऱ्या, एकीकडे बियर, एकीकडे सॉसेज. कोण जिंकणार ते शर्यतीआधी मागच्या खोलीत ठरतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नाटकातला राजा खरा मेला नाही म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही, तसंच ते. मलाही कधी वावगं वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी त्या शब्दाची तीन वर्षं वाट पाहिली. मी सदतीस वर्षांचा झालो होतो आणि व्यावसायिक शर्यत एकही जिंकलो नव्हतो. एकही नाही. माझे वडील, आखिल वीझर, एक्याऐंशीचे. गावातले जुने खाटीक, तरुणपणी स्वतः जत्रांच्या शर्यती मारलेले. दुकानात कुणी माझी चौकशी केली की सुरी पुसत म्हणायचे, "आमचा लिव्हन ना, हॉटेलचा दरवान आहे. दार छान उघडतो. आत दुसरेच जातात." माणसं हसायची. मीही हसायचो. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या डोळ्यांदेखत पहिलं यायचं होतं. खरं येणार की ठरवून, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होतो.

अखेर यूरीच्या शेवटच्या शर्यतीचा रविवार आला. दुपारी दोन वाजता मार्निक्सच्या कॅफेच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण जमलो. मार्निक्स माझ्या वर्गातला, जत्रेच्या शर्यतीचा सगळा कारभार त्याच्याकडे. यूरी टेबलावर पाय टाकून बसला होता. एका हातात कांदा घातलेलं सॉसेज, बोटांवरून चरबी ओघळतेय. मोठी शर्यत संपून तीन आठवडे झाले होते आणि ते तीन आठवडे त्याने जेवण्यात घालवले होते हे दिसत होतं.

"पहिला लिव्हन," मार्निक्स कागदावर बोट ठेवून म्हणाला, "दुसरा यूरी, तिसरा कुणीही या, आपापसात बघा. शेवटच्या फेरीला तुम्ही दोघं सुटायचं. बाकीच्यांनी मागे जरा धडपडल्यासारखं करायचं."

"किती फरक ठेवू?" यूरीने तोंडात घास असतानाच विचारलं. "एक सायकलभर की अर्धं चाक?"

"अर्धं चाक बरं दिसतं. लोकांचा श्वास अडकला पाहिजे."

"अर्ध्या चाकाने हरायला कौशल्य लागतं, बाबांनो. लिव्हनसाठी करतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे, हात वर करायचा सराव केलास का आरशासमोर?"

"त्याला सराव कशाला हवा," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "अकरा वर्षं तेच तर करतोय."

खोली हसली. यूरी इतका हसला की चावलेल्या सॉसेजचा तुकडा माझ्या बाहीवर उडाला. मी तो नखाने काढून टाकला.  मी पण हसत होतो. तीन वर्षं एका पोराच्या मोडक्या जबड्याच्या बदल्यात ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस असा, बोटांवरून चरबी ओघळत समोर बसला होता.

बाहेर पडताना मार्निक्स हळूच म्हणाला, "तुझ्या बाबांची खुर्ची रेघेपाशी टाकली आहे, औषधाच्या दुकानासमोर. सकाळपासून बसलेत. हलायला तयार नाहीत."

शर्यत सुरू झाली. दोन किलोमीटरची फेरी, अशा चाळीस. चर्चला वळसा, कालव्याचा रस्ता, मग उजवीकडे वळून जुन्या ब्रुअरीच्या भिंतीलगत दगडी फरसबंदीचा किंचित चढ आणि वर रेघ. या चढावर मी लहानपणी मटणाच्या पिशव्या पोचवल्या आहेत. कुठला दगड उचकटलेला आहे ते मला डोळे मिटूनही कळतं. यूरी मधेच लोकांना हात करत होता, एका फेरीला कुणाच्या तरी हातातून बियरचा पेला घेऊन प्यायला. लोक खूश. चौतीस फेऱ्या झाल्या आणि मला काय झालं देव जाणे, माझे पाय अंगात आल्यासारखे फिरायला लागले. दर फेरीला खुर्चीत बसलेले बाबा दिसायचे. हात काठीवर, तोंडावर काहीच नाही. दरवान येतोय तसा बघत होते.

शेवटच्या फेरीला ठरल्याप्रमाणे मी सुटलो. यूरी माझ्या चाकाला लागला. मागचे ठरल्याप्रमाणे धडपडले. कालव्याच्या रस्त्यावर मी मान वळवून विचारलं, "बरा आहेस ना?"

"चाल पुढे," तो म्हणाला, आणि थुंकला. माझ्या पोटरीवर.

ब्रुअरीचं वळण घेतलं आणि मला गिअर बदलल्याचा आवाज आला. खाडकन, दोन घरं खाली. तो आवाज मी अकरा वर्षं ऐकला आहे. हरायला निघालेला माणूस तो गिअर टाकत नाही. पाठीमागून ऊन होतं, त्यामुळे त्याची सावली माझ्या पुढे पडली होती, आणि त्या सावलीचं डोकं खाली गेलं, कोपरं बाहेर आली. यूरी खरा सुटणार होता. माझ्या गावात, माझ्या बापासमोर, तो माझ्या तोंडाला पानं पुसणार होता.

मला राग यायच्या आधी शिसारी आली. एकशे बेचाळीस वेळा जिंकून झालं होतं आणि जत्रेतली एक खोटी शर्यतही त्याला सोडवत नव्हती.

पण त्याला मी ओळखतो तसं त्याच्या आईनेही ओळखलेलं नाही. तो नेहमी उजवीकडून निघतो. नेहमी. आणि कालव्यावरून येणारा वारा त्या चढावर डावीकडून लागतो हे आमच्या गावातलं मांजरही सांगेल. मी उजवीकडे सरकलो, कठड्याला एक हात सोडून. काही गैर नाही, रेघेच्या खूप आधी सरकलो, सरळ रेषेत राहिलो. त्याला उघड्या वाऱ्यात डावीकडून यावं लागलं. त्याचं पुढचं चाक माझ्या पेडलपर्यंत आलं, मग माझ्या हँडलपर्यंत. त्याचा श्वास ऐकू येत होता, घशात काहीतरी फाटल्यासारखा. त्याच्या बोटांकडे मी पाहिलं. ब्रेकवर नव्हती. हँडलला अशी घट्ट धरलेली की गाठी पांढऱ्या पडलेल्या. तीस मीटर तसेच गेलो. मग रेघ आली आणि मी अर्ध्या चाकाने पुढे होतो.

अर्ध्या चाकाने. ठरल्याप्रमाणे.

मी हात वर केले नाहीत. विसरलोच. माझ्या छातीत काहीतरी एवढं मोठं उसळत होतं की मला सायकल थांबवायचंही सुचेना. फ्लँडर्सचा सगळ्यात वेगवान माणूस जिवाच्या आकांताने पळाला आणि मी त्याला हरवलं. मी वळून परत येईपर्यंत यूरीने मार्निक्सच्या हातातला माईक घेतला होता. चेहरा पांढराफटक, पण दात दाखवत होता.

"ऊस्टरवेल्डेकर, कबूल करतो," तो म्हणाला, मध्ये श्वास घेत, "मी ब्रेकवर बोटं ठेवली. मित्रासाठी एकदा ठेवली तर काय बिघडलं?"

सगळा चौक हसला, टाळ्या वाजल्या. बायका "किती गोड" म्हणाल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "नशीबवान आहेस लेका, असा मित्र मिळायला." मी माईककडे हात केला, पण तोपर्यंत मार्निक्सने बँड सुरू करायची खूण केली होती. आणि माईक मिळाला असता तरी बोलणार काय होतो? त्याने खरंच जोर लावला होता, असं? जत्रेची शर्यत खरी होती, असं? गळ्यात हार, हातात फुलं घेऊन मी उभा राहिलो. माईक खाली ठेवून यूरी घाईघाईने चर्चच्या सभागृहाकडे गेला. आमची कपडे बदलायची सोय तिथे होती.

मी फुलं घेऊन बाबांकडे गेलो.

"छान ब्रेक मारले त्याने," बाबा म्हणाले. "जुना खेळाडू आहे. कुणाला कळलंही नसतं."

"त्याने ब्रेक मारले नाहीत, बाबा."

"बरं, बरं."

"खरंच नाही मारले. त्याने गिअर टाकला. तो माझ्यावरून जायला निघाला होता. तुम्ही पाहिलं नाही का?"

"शेवटी सगळे माझ्यासमोर उभे राहिले. पाठी दिसल्या मला, बाकी काय दिसणार?" त्यांनी माझा हात हातात घेतला. दुकान सुटल्यापासून त्यांचे हात मऊ पडले आहेत. "अरे, त्यात वाईट काय आहे? इतकी वर्षं राबलास. हक्कच होता तुझा. मला आनंद झाला की नाही बघ."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी कीव आली होती, आणि ती ते लपवू बघत होते. "लिव्हन, मी पण सायकल मारली आहे," ते म्हणाले. "असा जीव काढून हरलेला माणूस नंतर माईक घेऊन भाषण करत नाही. कोपऱ्यात जाऊन ओकत असतो. तसा माणूस मला दाखव, मी लगेच विश्वास ठेवतो." मग जरा थांबून म्हणाले, "जा, तोंड धू. मी मार्निक्सला घेऊन येतोच, त्याला तुझा फोटो काढायचा आहे."

दरवान म्हणाले असते तर परवडलं असतं. मी फुलं त्यांच्या मांडीवर टाकली आणि सभागृहाकडे गेलो.

मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. यूरी बेसिनच्या दोन्ही कडा धरून ओकत होता.

आधी बियर पडली, मग सॉसेज, कांद्यासकट, मग नुसतं पिवळं पाणी. पाय लटलट कापत होते. शर्यतीचे बूटही काढले नव्हते आणि त्या फरशीवर ते घसरत होते. नाकातून तार लोंबत होती. एवढ्या वर्षांत त्याला असा पाहिला होता तो फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याने सर्वस्व लावलं होतं. त्या खोलीत जो वास सुटला होता तसा घाणेरडा वास मी आयुष्यात घेतला नसेल. आणि मला तो हवाहवासा वाटला. हसू नका. माझा पहिला विजय समोर बेसिनमध्ये पडला होता.

"दार लाव," तो म्हणाला.

मी लावलं नाही. "ब्रेकवर बोटं ठेवली होतीस ना?"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "माझी शेवटची होती, लिव्हन. शेवटची कशी हरायची? मला ते येतच नाही."

"पण हरलास."

"बाहेर विचार की कोण हरलं ते," तो म्हणाला आणि हसायला गेला, आणि त्याला पुन्हा उमासा आला.

बाहेर काठीचा आवाज आला. बाबांची काठी, आणि मार्निक्सचं बडबडणं. चर्चच्या पायऱ्यांपाशी असतील. मला काही करायचं नव्हतं. नुसतं बाजूला उभं राहायचं होतं. बाबा आत येतील, बघतील, आणि त्यांना काही सांगावं लागणार नाही. अशा गोष्टीची त्यांना माझ्याहून जास्त पारख आहे.

"लिव्हन," यूरी म्हणाला.

एवढंच. मोठ्याने नाही, विनवणीही नाही. शर्यतीत तो माझ्या मागून असाच म्हणायचा, फक्त नाव, आणि मला कळायचं की त्याला काय हवंय. पाणी हवंय, आडोसा हवाय, वेग हवाय. माझं डोकं त्यात कधी पडायचंच नाही, अंगच करून मोकळं व्हायचं.

आताही माझ्या अंगाने तेच केलं. मी नळ पूर्ण सोडला. कांद्याचे तुकडे जाळीत अडकले होते ते बोटांनी सोडवले, खाली ढकलले, बेसिनची कड तळव्याने पुसून घेतली. टॉवेल ओला करून त्याचं तोंड पुसलं, नाक पुसलं, मानेवर थंड पाणी मारलं. खिडकी उघडली. सगळं मिळून वीस सेकंद लागले असतील. मी काय करतोय हे मला जाळी मोकळी होऊन पाणी सुरसुर खाली गेलं तेव्हा कळलं.

दार ढकलून बाबा आत आले. मागे मार्निक्स, हातात कॅमेरा.

"काय चाललंय दोघांचं?" बाबांनी विचारलं.

"तोंड धुतोय, काका," यूरी म्हणाला. गाल लाल झाले होते, केस मागे बसले होते. चांगला दिसत होता.

"धू, धू," बाबा म्हणाले. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, बेसिनपाशी गेले, आणि सॉसेजचे तेलकट झालेले आपले हात सावकाश धुतले. मग पाणी झटकत म्हणाले, "आमच्या चर्चने मोरी मात्र स्वच्छ ठेवली आहे हो."